बारा माणसांच्या घराचं वर्षाचं उत्पन्न कसं काढायचं, आणि सरकारी पैसा त्यात कुठं धरायचा

मोठ्या लेकीच्या ॲडमिशनसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला सेतू केंद्रात गेलो तर तिथल्या पोरानं कीबोर्डवर बोटं ठेवून विचारलं, वार्षिक उत्पन्न किती टाकू? हे म्हणाले साठ हजार टाका, सासरे म्हणाले मागच्या वेळी एकवीस होतं तेच टाक, मी नुसती बघत राहिले. घरी येऊन ट्रंकेतली कागदं काढली तर जुन्या दाखल्यावर एकवीस हजार, रेशनकार्डावर साठ हजार आणि बचत गटाच्या कर्जाच्या फॉर्मवर तर एक लाख ऐंशी हजार, आणि तिन्हीवर सही आमच्याच घरच्यांची. कोणी मुद्दाम खोटं लिहिलं असं नाही, खरं सांगायचं तर कोणी कधी मोजलंच नव्हतं.

त्यानंतर मी वही घातली. आमचं घर वाशीम जिल्ह्यात, माणसं बारा: सासू-सासरे, आम्ही दोघं आणि तीन लेकरं, दीर-जाऊ आणि त्यांची तीन लेकरं. चूल एक, जमीन सात एकर कोरडवाहू, ती सासऱ्यांच्या नावावर. मी ज्या पद्धतीनं मोजलं ती खाली सांगते, आकडे आमचे आहेत म्हणजे तुमचे वेगळे येणार, पण रस्ता तोच. साधी दोनशे पानी वही, एक पेन आणि एक पेन्सिल घ्या. पेन्सिल का ते पुढं येईल.

पहिलं काम: माणसं मोजा, आणि "कुटुंब" कोणाला म्हणतात ते बघा

हे सगळ्यात महत्त्वाचं म्हणून जरा लांबण लावते. आपण कुटुंब म्हणतो तेव्हा चुलीवर जेवणारी सगळी माणसं धरतो, पण सरकारी कागदात कुटुंब हा शब्द प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. पीएम किसानमध्ये कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठराच्या आतली मुलं, बास. लाडकी बहीणमध्ये नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं. रोजगार हमीत एकत्र राहणारी, एकत्र जेवणारी किंवा एकाच रेशनकार्डावरची माणसं. नॉन-क्रिमीलेयरला (ओबीसी आरक्षणासाठी लागणारा दाखला) फक्त आईबापाचं उत्पन्न बघतात आणि त्यातही पगार आणि शेतीचं उत्पन्न मोजत नाहीत. ईडब्ल्यूएसला (खुल्या वर्गातल्या गरिबांचं आरक्षण) उलटं, तिथं शेती धरतात आणि वर पाच एकर किंवा जास्त शेतजमीन असली की विषयच संपला.

म्हणजे एकाच घरातली पोरगी एका फॉर्मवर गरीब निघते आणि दुसऱ्यावर बाद होते, आणि दोन्ही बरोबर असतं. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर तक्ता आखा. प्रत्येकाचं नाव आधारवर जसं आहे अगदी तसंच (आमच्या जाऊबाईंचं आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, त्यात सहा महिने गेले), जन्मतारीख, कुणाचा कोण, रेशनकार्डावर नाव आहे का, ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) झाली का, आणि कुठलं बँक खातं आधारला जोडलंय. शेवटचा रकाना लोक सोडतात. थेट खात्यात येणारा सरकारी पैसा बऱ्याच वेळा आधारला जोडलेल्या खात्यात जातो, तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात नाही, आणि कधीकाळी कुठल्या शिबिरात पोस्टाचं खातं उघडलं असेल तर पैसे गुपचूप तिकडं पडत राहतात आणि आपण इकडं योजना बंद झाली म्हणून बोंब मारत बसतो.

तक्ता झाला की त्याच पानावर तीन गोल काढा: सासू-सासरे एक, आम्ही पाच एक, दीर-जाऊ पाच एक. बाहेरून एक मोठा गोल, तो चुलीचा. पुढं प्रत्येक योजनेला विचारायचं, तुझा गोल कुठला?

दुसरं: कमाई महिन्यावारी लिहा, पण वर्ष नीट धरा

शेतकऱ्याचं वर्ष जून ते मे, सरकारचं एप्रिल ते मार्च. दाखल्याला आर्थिक वर्षच लागतं म्हणून मी एप्रिल ते मार्च धरलं. सोयाबीन ऑक्टोबर-नोव्हेंबरला विकलं जातं, कापूस दिवाळीपासून पुढं, तूर जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे खरिपाचा पैसा त्याच वर्षात बसतो. ज्यांनी भाव वाढेल म्हणून सोयाबीन घरात भरून मे महिन्यात विकलं त्यांनी ते पुढच्या वर्षात लिहायचं, दोन्हीकडं नाही.

"अंदाजे" म्हणून लिहू नका. अडत्याची पट्टी (माल विकल्याची पावती) काढा, पासबुक भरून आणा, मजुरीचं कॅलेंडर बघा (आमचे दीर भिंतीवरच्या कॅलेंडरवर कामाच्या दिवशी टिक करतात, ते सोन्यासारखं कामी आलं). २०२४-२५ चा आमचा हिशोब असा निघाला: सोयाबीन पाच एकरात एकरी सहा क्विंटल म्हणजे तीस क्विंटल, ४,१०० च्या भावानं १,२३,०००. त्या वर्षी हमीभाव ४,८९२ होता, पण हमीभाव केंद्रावर ओलावा आणि नोंदणीची रांग, आणि घरात देणेकरी उभे, मग मिळेल त्या भावात गेलं. हिशोबात मिळालेला भाव धरायचा, हमीभाव नाही, हे मुद्दाम सांगते कारण बरेच जण कागदावर हमीभावानं गुणून खूश होतात. सोयाबीनमधली तूर दहा क्विंटल झाली, एक घरच्या डाळीला ठेवली, नऊ विकली ७,००० नं, ६३,०००. कापूस दोन एकर, बारा क्विंटल, ७,००० नं ८४,०००. एकूण २,७०,०००.

हा आकडा बघून सासरे खुर्चीत ताठ बसले. मग खर्चाचं पान उलटलं.

बियाणं, खत, फवारणी, ट्रॅक्टर, निंदण, सोंगणी, मळणी, सगळं धरून सोयाबीन-तुरीला एकरी १९,००० पडले म्हणजे पाच एकराचे ९५,०००. कापसाला एकरी २७,०००, त्यात नुसती वेचणीच किलोला दहा रुपये, बारा क्विंटलची बारा हजार. कापसाचे झाले ५४,०००. खर्च १,४९,०००. हातात राहिले १,२१,०००. घरच्या माणसांची मजुरी यात धरलेली नाही, ती धरली तर शेती तोट्यात जाते हे सगळ्यांना माहीत आहे, पण घराचं उत्पन्न काढताना ती धरत नाहीत कारण तो पैसा घरातल्या घरातच आहे.

एक चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. पीक कर्ज उचललं की ते जमेत लिहितात. कर्ज म्हणजे कमाई नाही! जूनमध्ये एक लाख आले आणि मार्चमध्ये एक लाख भरले, तर जमा शून्य आणि खर्चही शून्य, फक्त व्याज गेलं असेल तर ते खर्चात. तीन लाखापर्यंतचं पीक कर्ज वेळेत भरलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून व्याज शून्य टक्के पडतं, म्हणून ३१ मार्चच्या आत भरायला लोक सोनं गहाण ठेवतात. मग त्या सोन्याच्या कर्जाचं व्याज मात्र खर्चात लिहायचं, ते विसरतात.

बाकीची कमाई पटकन सांगते. दीर गवंड्याच्या हाताखाली जातात, ५०० रोज, कॅलेंडरवर १४० टिका, ७०,०००. माझी शिलाई, ब्लाऊज आणि फॉल-पिको, दोरा-अस्तर-वीज वजा जाता वर्षाचे १५,०००, त्यातले निम्मे लग्नसराईतले. म्हैस सहा महिने दुधावर, दिवसाला तीन लिटर विकलं ५० नं, २७,००० आले आणि ढेप-कुटार १५,०००, राहिले १२,०००. तीन बोकड विकले, औषधपाणी जाऊन १८,०००. मी आणि जाऊ दुसऱ्याच्या वावरात निंदणाला चाळीस-चाळीस दिवस, अडीचशे रोज, २०,०००. सगळी बेरीज २,५६,०००.

कुठं साठ हजार आणि कुठं हे.

आता दर माणशी काढा, हे कोणी काढत नाही आणि मोठ्या घराला हेच काढायला पाहिजे. २,५६,००० भागिले बारा माणसं भागिले बारा महिने, म्हणजे माणशी महिना १,७७८ रुपये. अडीच लाख ऐकायला मोठे वाटतात, शेजारी चार माणसांच्या घरात दीड लाख येतात आणि ते माणशी तीन हजाराच्या वर जातात.

वाईट वर्षाचा हिशोब पण बाजूला मांडून ठेवा. सोयाबीन एकरी तीनच क्विंटल झालं आणि कापूस बाराऐवजी आठ, तर सोयाबीनचे ६१,५०० गेले, कापसाचे वेचणी वाचून २४,००० गेले, बाकी खर्च मात्र आधीच होऊन बसलेला. शेतीचे १,२१,००० चे ३५,५०० होतात आणि घराचे १,७०,५००. वर्षभराचे हप्ते, लग्न, गाडी काहीही ठरवताना मी हा दुसरा आकडा बघते.

तिसरं: सरकारी पैसा, आणि इथं पेन्सिल

सरकारकडून येणारं सगळं एका ओळीत लिहायचं नाही. मी चार पानं केली. एक, दरवर्षी खात्यात येणारी रोख. दोन, एकदाच येणारी रोख. तीन, वस्तू आणि वाचलेला खर्च. चार, अडचणीत कामाला येणारं कवच. जे मागच्या वर्षी खरंच खात्यात पडलं ते पेनानं, जे मिळू शकतं किंवा कधीही थांबू शकतं ते पेन्सिलनं.

पहिलं पान. पीएम किसान वर्षाला ६,०००, दोन-दोन हजाराचे तीन हप्ते. त्याच्या जोडीला राज्याची नमो शेतकरी, आणखी ६,०००. हे जमीन ज्याच्या नावावर त्याच्या गोलाला, म्हणजे आमच्याकडं सासऱ्यांना एकट्याला. लोक म्हणतात तीन भावांचं कुटुंब, तीन वेळा मिळायला पाहिजे, पण सातबाऱ्यावर नाव असेल तरच, आणि ते १ फेब्रुवारी २०१९ च्या आधी लागलेलं पाहिजे, नंतर वारसानं आलेली जमीन तेवढी चालते. म्हणून आता फक्त हप्त्यासाठी वाटणीपत्र करायला निघाला असाल तर थांबा, त्यातून हप्ता येणार नाही. घरात मागच्या वर्षी इन्कम टॅक्स भरलेला कोणी असला तर तो गोल बाद, महिना दहा हजार किंवा जास्त पेन्शन असली तरी बाद. फार्मर आयडी (शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक) काढून ठेवा, आता त्याच्याशिवाय शेतीचं काही पुढं सरकत नाही.

लाडकी बहीण महिना १,५००, वय २१ ते ६५. सासूबाई ६७ च्या, त्या बाहेर. मी आणि जाऊ, दोघींचे वर्षाचे ३६,०००, पण योजना जुलै २०२४ ला सुरू झाली म्हणून २०२४-२५ मध्ये नऊ महिन्यांचे २७,०००. अट अडीच लाखाची आहे आणि चुलीची बेरीज २,५६,००० आली तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला, पण इथं गोल छोटा आहे, नवरा-बायको-मुलं, आणि जमीन सासऱ्यांच्या गोलात, म्हणून आम्ही दोघी आत. घरात ट्रॅक्टर चालतो पण चारचाकी गाडी चालत नाही, सरकारी नोकरी आणि टॅक्स भरणारा चालत नाही. ई-केवायसी करताना एका कुटुंबात एक विवाहित आणि एक अविवाहित एवढ्याच लाभ घेतायत असं कबूल करून घेतात, त्यामुळं एकाच रेशनकार्डावर तीन-चार सुना असतील तर प्रश्न निघू शकतो, कागद तयार ठेवा.

आणि इथंच बेरजेचा खड्डा आहे. जमीन बाईच्या नावावर असेल आणि तिला किसान आणि नमोचे मिळून वर्षाचे १२,००० येत असतील, म्हणजे महिना हजार, तर लाडकी बहीणचे तिला पाचशेच येतात. संजय गांधी निराधार पेन्शनचे १,५०० येत असतील तर काहीच येत नाही. म्हणजे जे लोक योजना नुसत्या एकाखाली एक लिहून बेरीज मारतात त्यांचा आकडा फुगतो.

निराधार आणि श्रावणबाळ (म्हाताऱ्यांची पेन्शन) याबद्दल लोक फार विचारतात. पैसे महिना १,५०० (दिव्यांगांना सप्टेंबर २०२५ च्या निर्णयानं २,५००), श्रावणबाळ ६५ च्या पुढं, आणि उत्पन्नाची हद्द वर्षाला २१,०००, दिव्यांगांना ५०,०००. सगळ्या गावाच्या दाखल्यावर एकवीस हजार का असतं ते आता कळलं ना! एकवीस हजार म्हणजे महिना साडेसतराशे, आजच्या काळात एकटी म्हातारी बाई पण त्यात बसणं अवघड, ही हद्द वाढवायला पाहिजे असं माझं मत आहे, पण आहे ती आहे आणि आमचं घर त्यात बसत नाही. सासऱ्यांना हे पटवायला दोन दिवस गेले. शेजारच्या आळीत एका विधवा बाईचं घर खरंच बसत होतं आणि तिनं अर्जच केला नव्हता, तिचा फॉर्म आम्ही भरला.

रोजगार हमी हे पण सरकारीच, पण तो घामाचा पैसा. २०२४-२५ ला हमी वर्षाला घरामागं १०० दिवसांची होती, डिसेंबर २०२५ ला संसदेत मंजूर झालेल्या नव्या कायद्यात १२५. शंभर गुणिले दर असं लिहू नका, जॉबकार्डावर जेवढी हजेरी लागली तेवढीच. आमचे २२ दिवस, तेव्हाचा दर २९७, झाले ६,५३४. २०२५-२६ चा दर ३१२ होता. हे दिवस दिराच्या गवंडीकामाच्या टिकांमध्ये परत मोजले गेले नाहीत ना ते बघा, माझ्याकडून आधी दोनदा मोजले गेले होते.

पहिल्या पानाची पेनाची बेरीज: १२,००० अधिक २७,००० अधिक ६,५३४, म्हणजे ४५,५३४. घराचे सगळे मिळून ३,०१,५३४, माणशी महिना २,०९४ रुपये. सातव्या हिश्श्यापेक्षा जरा जास्त सरकारी. आणि वाईट वर्षात घराचे १,७०,५०० झाले की हाच हिस्सा पाचव्या हिश्श्याच्या वर जातो.

दुसरं पान, एकदाच येणारे. घरकुलाचे १,२०,०००, वयोश्रीचे (६५ च्या पुढच्यांना चष्मा-काठी असल्या साधनांसाठी) ३,०००, पहिल्या बाळंतपणाला मातृवंदनाचे ५,००० आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. हे वर्षाच्या उत्पन्नात मिसळायचं नाही, नाहीतर पुढच्या वर्षी घर एकदम गरीब झाल्यासारखं दिसतं. लेक लाडकी पण इथंच: १ एप्रिल २०२३ पासून पुढं जन्मलेली मुलगी, पिवळं किंवा केशरी कार्ड, जन्माला ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा झाल्यावर ७५,०००, एकूण १,०१,०००.

जाऊबाईंची शेंडेफळ मुलगी २०२४ ची, आम्ही सगळे खूश, पण ती तिसरं अपत्य. ना लेक लाडकी, ना मातृवंदना. बांधकाम कामगार मंडळाची शिष्यवृत्ती (पहिली ते सातवी २,५००, आठवी ते दहावी ५,०००) पण पहिल्या दोनच मुलांना. मोठ्या घरांनी हे डोक्यात पक्कं बसवायला पाहिजे, लेकरं जास्त म्हणून योजना जास्त असं होत नाही, बहुतेक ठिकाणी दोनावर गाडी थांबते. दीर मंडळात नोंदलेले नव्हते, नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, त्यांचे तर १४० आहेत. ही ओळ सध्या पेन्सिलनं: तिसरीतल्या मुलाचे २,५००.

रेशनचं जरा वेगळं गणित

हे एकच असं आहे जे माणशी मिळतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो, जानेवारी २०२३ पासून फुकट. अंत्योदयला (सगळ्यात गरीब घरांचं पिवळं कार्ड) मात्र घरामागं ३५ किलो, माणसं तीन असोत की तेरा. म्हणजे सहा माणसांपर्यंत अंत्योदय फायद्याचं, सातला दोन्ही सारखं, आठवं माणूस आलं की प्राधान्य कार्ड जास्त धान्य देतं, बारा माणसांना ६० किलो. पिवळं कार्ड म्हणून अभिमानानं मिरवणारी मोठी घरं दर महिन्याला धान्य कमी घेतात हे त्यांना कोणी सांगत नाही. धान्य पैशात धरायचं तर गावातल्या दुकानाच्या भावानं धरा, मी तीस रुपये किलो धरते, साठ किलोचे महिना अठराशे. पण हे रोखीच्या बेरजेत नाही, तिसऱ्या पानावर.

प्राधान्य कुटुंबाची हद्द ग्रामीणला ४४,००० आणि शहरात ५९,००० आहे. ४४,००० बारा माणसांत वाटले तर माणशी महिना ३०६ रुपये होतात, ही हद्द डोकी मोजत नाही, चूल मोजते. केशरी कार्ड एक लाखापर्यंत. छत्रपती संभाजीनगर आणि अमरावती विभाग आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी महिना रोख मिळते, आधी १५०, मग १७०. बारा नावांचे वर्षाचे २४,४८० होतात, मोह होतोच. पण आमची चूल एक आहे आणि एक लाखाच्या बरीच वर आहे, म्हणून ही ओळ मी लिहून परत खोडली. हे म्हणाले, वही बंद कर तू. पण पीएम किसानमध्ये अपात्र निघालेल्यांकडून वसुली झालेली आम्ही डोळ्यानं बघितली आहे, दोन वर्षांचे हप्ते एकदम परत करायला लागले की बैल विकायची पाळी येते. ज्यांच्या चुली खरंच वेगळ्या आहेत, गॅस वेगळा, किराणा वेगळा, त्यांनी कार्ड विभक्त करून घ्यावं, तो हक्कच आहे, पण एका चुलीचे कागदावर तीन तुकडे करायच्या भानगडीत पडू नका.

लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी करून इकडं चढवणं आणि नवीन बाळाचं नाव घालणं, एवढ्या दोन गोष्टींनीच दहा किलो महिना वाढू शकतं.

तिसऱ्या पानावर बाकी काय काय: घरची एक क्विंटल तूर ७,००० ची, घरात पिलेलं दूध साधारण ९,००० चं, जिल्हा परिषद शाळेचा गणवेश-पुस्तकं-पोषण आहार, अंगणवाडीचा आहार, एसटीत बायकांना आणि ६५ च्या पुढच्यांना अर्धं तिकीट, ७५ ला पूर्ण फुकट. ज्यांच्याकडं विहीर आणि साडेसात एचपीपर्यंतचा पंप आहे त्यांचं वीजबिल एप्रिल २०२४ पासून माफ आहे. अन्नपूर्णा योजनेचे वर्षाला तीन फुकट सिलिंडर पेन्सिलनं, आणि गॅस बाईच्या नावावर पाहिजे.

चौथं पान छोटं. दवाखान्याचं पाच लाखाचं कवच, महात्मा फुले आणि आयुष्मान दोन्ही आता एकत्र. याला उत्पन्न म्हणून अजिबात लिहू नका, एका पुढाऱ्यानं आमच्या गावात भाषणात प्रत्येक घराला पाच लाख दिले असं सांगितलं आणि लोक खातं तपासायला गेले होते. पाच लाख घरामागं आहेत, माणशी नाही, पण सत्तर पूर्ण झालेल्यांना वेगळं कार्ड निघतं आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. सासरे ७२, त्यांचं काढलं. पीक विमा पण याच पानावर, एक रुपयात मिळायचा ते २०२५ च्या खरिपापासून बंद झालं, आता खरिपाला विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत (कापसासारख्या नगदी पिकाला पाचपर्यंत) आपले भरायला लागतात, तो हप्ता खर्चात लिहा आणि भरपाई आली तरच जमेत.

शिक्षणाचं

याच्यासाठी तर सगळं सुरू झालं. मोठी अकरावीला आहे, पुढं व्यावसायिक कोर्सला गेली तर आठ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षण) मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. म्हणजे बघा, दाखल्यावर २१,००० असो की अडीच लाख, लेकीच्या फीला काहीच फरक पडत नव्हता, उगाच खोटा आकडा कशाला. मुलगा आठवीला आहे, तो एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसतोय, हद्द साडेतीन लाख, पास झाला आणि यादीत आला तर नववी ते बारावी वर्षाला १२,०००. हे पेन्सिलनं, ठळक.

शेवटचं काम: दाखला

आता आकडा घेऊन सेतूत जा. सातबारा, आठ-अ, रेशनकार्ड, आधार, स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याचा (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) उत्पन्नाचा अहवाल. नोकरी असेल तर फॉर्म १६ किंवा रिटर्न. एक वर्षाचा आणि तीन वर्षांचा असे दोन प्रकार निघतात, कॉलेजला कुठला लागतो ते आधी विचारा, आमची एक चक्कर यातच गेली. अहवाल लिहिताना जमीन कुणाच्या नावावर, मजुरी कुणाची, हे गोलाप्रमाणं सांगा, वहीचं पान समोर ठेवलं तर ते पण खूश होतात कारण त्यांना कोणी हिशोब दाखवतच नाही.

बचत गटाचं किंवा बाहेरच्या कंपन्यांचं छोटं कर्ज घेत असाल तर तोच आकडा तिथंही द्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमात तीन लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या घराला मायक्रोफायनान्सचं कर्ज देता येतं आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. वसुलीवाला पोरगा फॉर्मवर स्वतःच मोठा आकडा लिहितो कारण आकडा मोठा तर कर्ज मोठं, आमच्या त्या फॉर्मवर एक लाख ऐंशी हजार असेच आले होते. आणि निम्मं म्हणजे चांगल्या वर्षाचं निम्मं नाही, वाईट वर्षाच्या पानावरून काढा, लाडकी बहीणचे पैसे त्यात धरू नका.

उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, त्यामुळं एप्रिलमध्ये नवा हिशोब. मी रब्बीची कामं उरकली की पासबुकं भरून आणते, पट्ट्या एका पिशवीत असतातच, दोन दुपारी लागतात. पेन्सिलच्या ओळी तेव्हा परत बघते, खात्यात पडलेलं पेनानं गिरवायचं आणि न आलेलं खोडायचं. यंदा खोडरबर सासऱ्यांनी आणून दिलं.